बरगडीचं फ्रॅक्चर आणि जानेवारीची मॅरेथॉन: काय चालू ठेवायचं, काय थांबवायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ४३, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे अमरावती रोडवर सायकलवरून पडले, सिमेंट रोड आणि बाजूच्या गट्टूंच्या (पेव्हर ब्लॉकच्या) मधल्या फटीत पुढचं चाक गेलं. डावीकडची ६ वी आणि ७ वी बरगडी फ्रॅक्चर, हाड सरकलेलं नाही, फुफ्फुस ठीक. आज बारावा दिवस. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन आहे, पडायच्या आधी लाँग रन २४ किमीपर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे आराम, ग्रुपमधला एक जण म्हणाला पट्टा बांध आणि हळूहळू पळ, आणि तुम्ही विचारून राहिले की दोघांपैकी कोणाचं ऐकू.

मी फिजिओ आहे, इथे नागपुरातच काम करते, लांब पल्ल्याचे रनर आणि सायकलवाले हेच माझे जास्त पेशंट. आपल्या शहरात हे वेड आता चांगलंच रुजलंय, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल रेस सोलो पूर्ण केली, त्यानंतर तर ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आणि मॅरेथॉनची नावं घरोघरी माहीत झाली. त्यामुळे पडणारेही वाढले आणि बरगडीवाले पेशंटही. तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की डॉक्टरांचं बरोबर आहे, पण आराम म्हणजे पलंग नाही. मित्राचं मात्र अजिबात ऐकू नका, ना पट्ट्याचं ना पळण्याचं. आणि या पूर्ण काळात कुठला व्यायाम किती करायचा हे एकाच गोष्टीवर ठरवा: पूर्ण खोल श्वास घेता येतो की नाही. पेस, हार्ट रेट, किलोमीटर हे सगळं त्याच्या नंतर.

का ते सांगते. हाताचं हाड मोडलं की प्लास्टर घालून ते हलू देत नाहीत, बरगडीला तसं करताच येत नाही. मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास, म्हणजे दिवसाला वीसेक हजार वेळा ती बरगडी थोडी वर-बाहेर जाते आणि परत येते, आणि तशी हलता हलताच जुळते. म्हणजे थोडी हालचाल तिला चालते. पण जोरात पळताना श्वास मिनिटाला ४०-५० वर जातो आणि प्रत्येक श्वास बसल्या वेळेच्या चार-पाच पट मोठा असतो, तेव्हा बरगड्यांमधले स्नायू तिला पूर्ण ताकदीने ओढतात. शिवाय तुमच्या ६ व्या-७ व्या बरगडीवर दोन मोठे स्नायू चिकटलेत, एक खांद्याच्या पात्याखालून येणारा सेरेटस अँटिरियर आणि दुसरा पोटाच्या बाजूचा एक्स्टर्नल ऑब्लिक. हात जोरात ओढला, प्लँक मारला, सायकलवर उभं राहून चढ घेतला, की हे दोघं नेमके तुटलेल्या जागी खेचतात. म्हणून पायांचा व्यायाम चालतो आणि हाताचा साधा वाटणारा व्यायाम नडतो, हे लोकांना लवकर पटत नाही.

आता पट्टा. पूर्वी छाती गच्च बांधायचे, आता ते सांगत नाहीत, कारण बांधलं की दुखणं कमी वाटतं पण श्वास उथळ होतो, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. बरगडीच्या फ्रॅक्चरमध्ये हाडापेक्षा जास्त काळजी याचीच असते. साठी-पासष्टीच्या पुढच्यांना तर फारच, त्यामुळे घरी आई-बाबांपैकी कोणी बाथरूममध्ये पडून बरगडीला लागलं असेल तर "थोडंसं दुखतंय" म्हणून घरी बसवू नका, दाखवाच.

दुखत असताना मुद्दाम खोल श्वास घेणं हेच तुमचं पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं खरं ट्रेनिंग. मेडिकल स्टोअरमध्ये तीन बॉलवालं स्पायरोमीटर मिळतं, धंतोली-रामदासपेठेत तर कुठल्याही दुकानात मिळेल, जागे असताना दर तासाला दहा श्वास, हळू ओढायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, सोडायचा. बॉल झटक्यात वर उडवायची स्पर्धा नाही करायची, हळू ओढलं तरच फुफ्फुस खालपर्यंत उघडतं. खोकला आला तर दाबून ठेवू नका, उशी छातीला घट्ट धरा आणि खोका. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपलं की पहिले काही दिवस बरं जातं, आणि उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नका, चांगल्या कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने उठा.

गोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की "गोळी घेतली की दुखत नाही, मग ट्रेडमिलवर पळलं तर चालेल ना". नाही भाऊ, इथेच गडबड होते. गोळी खोल श्वास घेता यावा, खोकता यावं आणि झोप लागावी यासाठी आहे, त्यासाठी ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर पूर्ण घ्या, उगाच सहन करत बसू नका. पण व्यायामाआधी दुखणं मारायला गोळी घेतली तर तुमच्याकडे असलेलं एकमेव मीटर तुम्हीच बंद केलं. व्यायाम गोळीचा असर उतरल्यावर करा, म्हणजे शरीर काय सांगतंय ते ऐकू येईल. दुसरं, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन लांब घामाचं सेशन करू नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर भार टाकतात, आणि ऑक्टोबरमधली आपली दुपार काय असते हे मी सांगायला नको. उपाशीपोटी घेऊ नका, आणि ज्या दिवशी त्या चालू आहेत त्या दिवशी झणझणीत सावजी रस्साही नको, पोट जळतं. चिठ्ठीत ट्रॅमाडॉल असेल तर गुंगी येते, गाडी चालवू नका. ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या वेळी वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, हे बऱ्याच रनर लोकांना माहीतच नसतं, रेसच्या आसपास तर ते मुळीच नको.

पुढचं सांगण्याआधी धोक्याच्या खुणा सांगते, कारण काही त्रास उशिरा होतात, पहिल्या एक्स-रेत काही नव्हतं तरी नंतर छातीत रक्त किंवा पाणी साचू शकतं. दम वाढत चालला, ताप आला आणि कफ पिवळा-हिरवा झाला, खोकल्यातून रक्त आलं, छातीची कातडी दाबली की चुरचुर वाजल्यासारखं वाटलं, चक्कर येऊन घाम सुटला, किंवा पोटाच्या डाव्या बाजूला वरती दुखून डाव्या खांद्याच्या टोकाला कळ मारली तर व्यायाम वगैरे विसरून थेट इमर्जन्सीत जा, मेडिकल, मेयो, एम्स, जे हॉस्पिटल जवळ असेल ते. डावीकडच्या खालच्या बरगड्यांच्या मागे प्लीहा असते, उजवीकडे लिव्हर, म्हणून खालच्या बरगड्यांना लागलं असेल त्यांनी जास्त सावध राहायचं. ज्यांच्या फुफ्फुसाला छिद्र पडून हवा भरली होती त्यांच्यासाठी हे पूर्ण उत्तरच लागू नाही, त्यांनी एक्स-रे पूर्ण साफ आल्याशिवाय आणि डॉक्टर हो म्हटल्याशिवाय ना व्यायाम करायचा ना विमानात बसायचं.

अजून एक, साध्या एक्स-रेमध्ये बरगडीची बरीच फ्रॅक्चर दिसतच नाहीत. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, मग दुखतं काऊन" असं विचारणारे खूप येतात. कधी बारीक फ्रॅक्चर असतं, कधी समोरच्या कूर्चेला मार असतो, आणि कूर्चा तर हाडापेक्षा सावकाश भरते, दोन-तीन महिने सहज घेते. रिपोर्टवर काही नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पळायला जाऊ नये, नियम तोच, श्वास.

आता तुमचा प्लॅन. सध्या बारावा दिवस, म्हणजे चालणं. अंबाझरी गार्डन, सिव्हिल लाईन्सची वॉकर्स स्ट्रीट, जिथे रस्ता सपाट आहे तिथे सकाळी २० मिनिटं आणि संध्याकाळी २० मिनिटं, नाकाने श्वास घेत आणि पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. खोल श्वासाला कळ मारली नाही तर दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या आठवड्यात इनडोअर सायकल सुरू करता येईल, पण रोड बाईक ट्रेनरवर लावून खाली वाकून नाही, जिममधली सरळ बसायची सायकल, हातावर वजन नाही, रेझिस्टन्स कमी, पंखा समोर. २० मिनिटांपासून सुरू करून चौथ्या-पाचव्या आठवड्यात ५०-६० मिनिटांपर्यंत जा. पायांसाठी वजन न घेता स्क्वॅट, स्टेप-अप, काफ रेझ, ब्रिज हे चालतं, फक्त श्वास रोखून जोर लावायचा नाही. पुश-अप, पुल-अप, प्लँक, बारबेल, सूर्यनमस्कार हे सगळं सध्या बंद. पोहणं सगळ्यात शेवटी, दोन-अडीच महिन्यांनी, कारण फ्रीस्टाईलमध्ये हात पूर्ण वर ओढला जातो आणि छातीभर पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पाण्याच्या दाबाने श्वास ओढायला जास्त जोर लागतो.

तिसऱ्या आठवड्यात एक फसवा काळ येतो, त्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते. दुखणं एकदम कमी होतं, माणसाला वाटतं झालं, आता पळतो. पण तेव्हा तुटलेल्या जागी जो जोड तयार झालेला असतो तो मऊ असतो, नवीन स्लॅब टाकल्यावर वरून वाळलेला दिसतो पण सेंट्रिंग काढत नाहीत तसं. पक्कं हाड व्हायला सहा आठवडे तर धराच, कोणाला बारा लागतात. माझ्याकडे परत येणारे पेशंट बहुतेक याच आठवड्यात बिघडलेले असतात, आणि त्यातही पळून बिघडलेले कमी, घरकामाने जास्त. दिवाळी तोंडावर आहे, माळ्यावरचे डबे काढणं, पंखे पुसणं, सोफा सरकवणं यातलं काहीही करायचं नाही, घरच्यांना आजच स्पष्ट सांगून टाका. झाडाझुडीची धूळ आणि फटाक्यांचा धूर यांनी खोकला-शिंका सुरू झाल्या तर त्याच सगळ्यात जास्त छळतात, म्हणून त्या चार दिवसांत पहाटे बाहेर न जाता घरातच चाला. दुचाकीवर स्पीड ब्रेकर आणि खड्ड्यांचे धक्केही तसेच, शक्य असेल तर महिनाभर ऑफिसला दुसऱ्या कोणाच्या कारने जा.

पळायला सुरुवात कधी, तर तारीख बघून नाही. गोळी न घेता या गोष्टी जमल्या पाहिजेत: पोट फुगेपर्यंत खोल श्वास घेतला तरी टोचत नाही, खोकला-शिंक सहन होते, रात्री कूस बदलताना जाग येत नाही, ४५ मिनिटं भरभर चाललं तरी काही नाही, आणि टाचा उचलून वीसेक वेळा जमिनीवर धपकन टेकवल्या तरी बरगडीत धक्का जाणवत नाही. बोटाने दाबल्यावर थोडं हुळहुळतं ते चालेल, ते बरेच दिवस राहतं. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी तुम्ही इथे पोहोचाल असं मला वाटतं. सगळं जमलं तर मातीच्या सपाट मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा, आणि एक दिवस पूर्ण सोडून परत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर श्वासाला आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागे. टेम्पो, इंटरव्हल अशी जोरात पळायची सेशन्स आणि सेमिनरी हिल्सचे चढ हे आठव्या-नवव्या आठवड्यानंतरच, कारण तिथे श्वास खरा फुलतो. गोरेवाडा बाजूच्या कच्च्या वाटा या सीझनला सोडून द्या, अर्धवट जुळलेल्या बरगडीवर दुसऱ्यांदा पडणं हे पहिल्यापेक्षा वाईट.

पळायला लागल्यावर कोणाला तरी मागून-पुढून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. बरगडीवाले सगळेच दुखऱ्या बाजूचा हात अंगाला चिकटवून पळतात, त्यांना स्वतःला कळतही नाही, आणि मग महिन्याभराने विरुद्ध बाजूचं कंबर-गुडघं घेऊन येतात. खांदा वर चढलेला आणि पाठ वाकलेली दिसली तर पळणं थांबवून आधी पाठ आणि खांद्याची हालचाल मोकळी करून घ्या, चार आठवड्यांनंतर हळूहळू वळायचे व्यायाम सुरू करता येतात, ते मात्र समोर बसून कोणाकडून तरी शिका.

फिटनेस जाईल ही भीती मला समजते, महिनोन् महिने पहाटे चारला उठून कमावलेलं असतं. तर ऐका, ट्रेनिंग पूर्ण बंद करून फक्त रोजची हालचाल ठेवली तरी पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओ-टू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, साधारण ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि त्यातला मोठा वाटा रक्तातलं पाणी कमी होण्याचा असतो जो परत ट्रेनिंग सुरू केलं की लवकर भरून येतो. तुम्ही तर चालणार आहे, सायकल मारणार आहे. १९८० च्या आसपासच्या प्रयोगांत असं दिसलं होतं की आठवड्यात सहा दिवसांचं ट्रेनिंग दोन दिवसांवर आणलं पण तीव्रता तीच ठेवली तर पंधरा आठवडे एरोबिक क्षमता टिकून राहिली. आता लगेच तीव्रता वाढवायला जाऊ नका, ते तुमच्या बरगडीला आज झेपणार नाही, पण आठव्या-नवव्या आठवड्यानंतर सरळ बसायच्या सायकलवर आठवड्यात दोन छोटी जोरदार सेशन्स घेतली तर बरंच हाती राहील, किलोमीटर कमी असले तरी.

खाण्याचं थोडक्यात. व्यायाम कमी झाला म्हणून जेवण तोडू नका, हाड जुळायला कॅलरीही लागतात आणि प्रोटीनही, वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, वरण, हरभरा, दही, पनीर, अंडी, चिकन, जे घरात चालतं ते. कॅल्शियमसाठी दूध आणि तीळ, आणि व्हिटॅमिन डी एकदा तपासून घ्या, आपल्याकडे एवढं ऊन असूनही पुष्कळ जणांचं कमी निघतं. आणि तुम्ही लिहिलं नाही, पण नागपूरचं आहे म्हणून विचारते, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर किमान हे तीन महिने तरी पूर्ण बंद करा. सिगारेटने हाड जुळणं लांबतं, हे अगदी पक्कं आहे, आणि निकोटीन खर्ऱ्यातही असतंच. बाकीच्यांसाठी अजून एक, न पडता, नुसत्या खोकल्याने किंवा रोइंग मशीनवर ओढून ओढून बरगडीला फ्रॅक्चर झालं असेल तर ते अपघाताचं प्रकरण नाही, तिथे हाडाची घनता, पोटात पुरेसं अन्न जातं की नाही, आणि बायकांमध्ये पाळी नियमित आहे का, हे सगळं तपासावं लागतं.

आता मुंबई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून गोड बोलणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटी रन-वॉक सुरू झालं तर रेसला सातच आठवडे उरतात, त्यात सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सलग पळता येण्यातच जातील, मग ३० किमीचा लाँग रन बसवायला जागाच नाही. तुमच्या जागी मी या वर्षी फुलचा नाद सोडला असता. ४२ किमीत शेवटच्या तासात माणूस थकून वाकतो, श्वास वरवरचा होतो, आणि तेव्हा मोडून तीनेक महिनेच झालेल्या बरगडीकडून तुम्ही सगळ्यात जास्त काम मागणार. फुलचं हाफमध्ये बदलता येतं का हे आयोजकांच्या नियमात आजच बघा. निर्णय डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करा, तोपर्यंत गोळीशिवाय, चालायचा ब्रेक न घेता १४-१५ किमी आरामात झाले आणि दुसऱ्या दिवशी श्वास मोकळा असला, तर हाफ निवांत पळा. नाही झाले तर फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी हवा अजून थंड असते, तेव्हा स्वतःच एक लाँग रन ठेवा, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात राहिलेली मॅरेथॉन भरून काढायला जाऊ नका.

डिसेंबरची २०० किमीची ब्रेवे डोक्यात असेल तर ती मात्र सोडाच. १३.५ तासांचा वेळ म्हटलं की निवांत वाटतं, पण तितके तास हातांवर वजन, पुढे वाकलेली छाती आणि हायवेचे धक्के. रस्त्यावर सायकल दहा-बारा आठवड्यांनंतर, तीही आधी ३०-४० किमी, उजेड झाल्यावर आणि सिमेंट रोडच्या कडेपासून आत राहून. त्याआधी सायकल दुकानात नेऊन तपासून घ्या, फोर्क, हँडलबार, चाकाचं अलाइनमेंट, आणि फ्रेम किंवा फोर्क कार्बनचा असेल तर मेकॅनिकला ती कशी पडली हे नीट सांगा, कारण कार्बनला आतून गेलेला तडा बाहेरून दिसेलच असं नाही. हेल्मेट त्या दिवशी आपटलं असेल तर ते आता बाद, नवीनच घ्या.